माझ्याच नावेवर पाणी ओतू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
नदीकाठ पुनरुज्जीवन कार्यालय,
जुना घाट.

विषय : घाटावर मांडलेल्या नावेवर रोज सकाळी दोन घागरी पाणी ओतू देणेबाबत.
संदर्भ : आपण त्याच नावेत बसून मला दिलेला शब्द (तोंडी).

महोदय,

अर्जदार बत्तीस वर्षे या घाटावर नाव चालवीत होता, हे आपणांस सांगणे नलगे. नदीची खोली मोजताना आपण सव्वा महिना माझ्याच नावेत होतात.

१. काठावरची माणसे या कामाला सह्या देईनात. तेव्हा आपण म्हणालात, "काका, काठ नवा झाला की पहिली फेरी तुमचीच." मी दारोदार जाऊन सांगितले, साहेब घरचा माणूस आहे. एकेचाळीस घरांनी सह्या केल्या, त्या कागद वाचून नव्हे, माझ्या तोंडाकडे बघून.

२. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांनी नाव रंगवून चौथऱ्यावर चढवली. मला वाटले, रंग वाळेपर्यंत असेल. आज चार महिने झाले, भोवती साखळी आहे. नदीत आता पायाने चालवायची बदके फिरतात. त्या कामासाठी माझे वय बसत नाही, असे तोंडी कळविण्यात आले.

३. लाकडी नाव कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. तिच्या बुडातून आता हाताचे बोट आरपार जाते. म्हणून घागर घेऊन गेलो, तर पहारेकऱ्याने अडवले. मी मालक आहे म्हटल्यावर त्याने फलक दाखवला. 'येथील शेवटचा नावाडी', आणि खाली माझे छायाचित्र. फलकावरचा माणूस हयात असल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे तो म्हणाला. सबब हयातीचा दाखला जोडला आहे.

४. शेजारी विचारतात, पहिली फेरी कधी? बायको नदीकडची खिडकी उघडत नाही. माझा राग नाही असे लिहिणार होतो, पण ते खोटे ठरेल. साहेब, आपण केसाने गळा कापलात.

तरी नाव पाण्यात सोडावी. ते शक्य नसल्यास पाणी ओतू द्यावे. तेही नियमात बसत नसल्यास फलकावरचे माझे छायाचित्र उतरवावे. ते आपणच काढले होते, शब्द दिलात त्याच दुपारी. त्यात मी आपल्याकडे बघून हसतो आहे.

आपला, अद्याप हयात,
(सही)
फलक क्रमांक चारवरील नावाडी
दिनांक : १७ मार्च

सोबत : हयातीचा दाखला. वल्हे जोडलेले नाही, ते घरी आहे.