तात्यारावच्या कॉलेजातलं प्रात्यक्षिक

ता. सोनपेठ, जि. परभणी
दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. तात्यारावास,

आशीर्वादाचं शेवटाला बघू. हिकडं पाऊस बरा हाय, कापूस गुडघ्याच्या वर गेला. माझी दाढ दुखायलीय, जीभ ठीक हाय. अक्षर माझंच हाय, तिसरीतलं. दुसऱ्या कोणाचं म्हणू नको.

तुझं समाजकार्याचं कॉलेज वाचलं म्हणं. पेढे वाटलेस. शेजारच्या बायनाबाईनं मलाबी एक आणून दिला. शेळीला घातला.

पोरी न्हाईत म्हणून कॉलेज बंद करायला कमिटी येणार, तर तू गावातल्या लेकीसुना जीपात घालून नेल्यास आन बाकावर बसवल्यास. एक जागा रिकामी राहिली, तिथं स्वतःची बायको. रेणुकाला म्हणलास, "वही धर, तोंड उघडू नको." मला व्हरांड्यात बसवलंस, लाभार्थी म्हणून. कशाचा लाभ, ते कोणी सांगितलं न्हाई.

कमिटीच्या मॅडमनं नेमकं रेणुकालाच उठवलं. "एखाद्या बाईला नवरा मारत असेल, तर तुम्ही काय कराल?"

पोरीनं वही बाकावर ठेवली. मग म्हणली, "मलाच कळंना, मॅडम. मला मारतो. त्यो बघा, दारात उभा हाय." आन बाही वर केली.

मी खिडकीतून तुझ्याकडंच बघायलते. वाटलं, आता तरी मान खाली घालील. तू हसलास. "मॅडम, ही आमची प्रात्यक्षिकाची पद्धत. मुली भूमिका करून दाखवतात."

मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मागून सगळ्यांनी. रेणुकाच्या दंडावरच्या वळावर तुझं कॉलेज वाचलं, तात्या.

परवा फोनवर विचारलंस, "रेणुका तिकडं आलीय का?" मी म्हणलं दाढ दुखायलीय, आन ठेवला. हितंच हाय ती. तुझ्या लेकीला, वैदेहीलाबी हितल्या शाळेत घातलीय. न्यायला जीप धाडू नको. भावकीला सांगून ठेवलंय, का ते बी सांगितलंय.

आन ऐक. रेणुका तुझ्याच कॉलेजात नाव घालणार हाय, खरंखुरं. तिथल्या रोहिणी मास्तरीणबाई घरी येऊन गेल्या, तुझी पद्धत त्यांना काही पटली न्हाई. बाकावर बसवलेल्या आणखी सुनाबी तयार हायत. तुला पोरी पाहिजे होत्या ना? रोज यष्टीनं येतील. तू सचिव म्हणून दारातनं गेलास की सगळ्या वर बघतील.

आता बंद करून दाखव कॉलेज.

आशीर्वाद उरला न्हाई. होता तेवढा वैदेहीला दिला.

रेणुकाची सासू,
चतुराबाई