मागची सीट

वाघोली, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार आधीच करते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही तो घेणार नाही. मी मोटारसायकल घेतली. स्कूटर नव्हे, स्पोर्ट्स बाइक, दीडशे सीसीची. आवडली होती दुसरीच, जरा मोठी. पण तिच्यावर बसलं की नुसते चवडे टेकायचे. वर्ध्याला स्कूटर शिकवताना तुम्ही म्हणायचात, "दोन्ही पाय पुरते टेकतात ती गाडी आपली." म्हणून ही घेतली. शिवाय परवडली.

काल विम्यासाठी बिबवेवाडीत गेले. एजंट काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "मागे बसणाऱ्याचा अपघात विमा वेगळा. कोणी बसणार असेल तरच घ्या. रिकाम्या सीटला काही होत नाही."

दोन वर्षांत माझ्या खोलीवर कोणीही आलेलं नाही. तुम्ही ठरवलेलं लग्न मोडून नोकरीसाठी पुण्याला आले, तेव्हापासून तुम्ही फोनवरही येत नाही. आई म्हणते, "बाहेर गेलेत." तिच्या मागे तुमचा खोकला ऐकू येतो. मी "बरं" म्हणते.

काकांना सांगितलं, "तोही काढा. वडील बसतात मागे."

मान वर न करता ते म्हणाले, "मग हळूच चालवत असाल."

स्कूटर शिकताना माझ्या मागे बसून तुम्ही तेवढा एकच शब्द बोलायचात, बाबा. हळू.

मागची सीट उंच आहे, तुमच्या गुडघ्यांना जड जाईल. पण विमा वर्षभर चालू आहे.

तुमची,
अपेक्षा