बाबांच्या जागी

शुक्र., ६ फेब्रु.
बाबांना जाऊन अडीच महिने. आईने अनुकंपेचा अर्ज पुन्हा माझ्यापुढे ठेवला. बुधवारपर्यंत द्यायचा. बाबांच्या जागी मला नोकरी, नाल्यावरच्या पंपिंग स्टेशनमध्ये, पाळीची ड्युटी. आई म्हणते, पक्की नोकरी आहे, तुझ्या क्लासच्या शिकवण्याला पेन्शन आहे का. माझ्या उभ्या आयुष्यात एकदाही तिथे गेले नाही. चाळीत कोणी विचारले तर मी सांगायचे, बाबा ऑफिसात असतात.

रवि., ८ फेब्रु.
आज बघून आले. एकटीला आत सोडणार नाहीत म्हणून एका ग्रुपच्या सहलीत नाव दिले. शहराचे जुने नाले, दरवाजे, पंप, असे काहीतरी. सतरा जण. सुरुवात ठाकूरद्वारला. रस्त्याखाली जुना विटांचा नाला, बघायला फक्त झाकण. त्याभोवती उभे राहून फोटो. मग बसने पुराचा दरवाजा. भरती आली की तो बंद करतात, नाहीतर समुद्र नाल्यातून वस्तीत येतो. शेवटी पंप.

बस थांबण्याआधीच वास आला. बाबांच्या शर्टाचा. पाणी काळे, दाट, वर फेस, एक चप्पल, पिशवीसकट निर्माल्य. जाळीला अडकलेली घाण एक माणूस दाताळ्याने ओढत होता. ग्रुपवाल्याने त्याला फोटोतून बाजूला व्हायला सांगितले. एक बाई रुमालातून म्हणाली, "ही माणसं इथे जेवतात तरी कशी?" सगळे हसले. मला तिची किळस आली. मग आठवले. नववीत होते, बाबांचा डबा वेगळा घासायला मीच लावले होते.

साळवीकाकांनी ओळखले. बाबांच्या पाळीतले. "तात्याची पोर ना गो तू? ये, चाय घे."

ग्लासावर ग्रीसच्या बोटाचा ठसा. तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. काकांची पाठ वळल्यावर कठड्यावरून ओतून दिला. मागे बघते तर काका बघत होते. रागावले नाहीत.

"तात्यानंपण पयल्या दिवशी हितंच ओतलेली."

सोम., ९ फेब्रु.
दोनदा अंघोळ. केसांतून जात नाही. आईने विचारले, कशी आहे जागा. ठीक, म्हटले. ती म्हणाली, बाबापण ठीकच म्हणायचे. जेवण गेले नाही.

मंगळ., १० फेब्रु.
अर्ज भरला, सही सोडून. ग्रुपवर सहलीचे फोटो आले. एकात मीही आहे. नाकाला ओढणी.

बुध., ११ फेब्रु.
ऑफिस पाचला बंद होते. आता अडीच. आई पर्स घेऊन दाराशी बसली आहे. साळवीकाकांना एक विचारायचे राहिले. बाबा तिथला चहा कितव्या दिवशी प्यायले?
फोन लावला. उचलत नाहीत. पाळीवर असतील.