दिवाणात सापडलेल्या कॅमेऱ्यांच्या प्रकरणी पत्नीस एक जादा प्रश्न विचारणेबाबत

प्रति,
मा. दिवाळखोरी मालमत्ता अधिकारी,
दिवाणी न्यायालय आवार, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या पत्नीस शपथेवर एक जादा प्रश्न विचारणेबाबत.
संदर्भ : १) पत्नीस आलेली आपली नोटीस.
२) 'अज्ञात इसमा'विरुद्ध अर्जदाराचाच मागील अर्ज.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व त्याचा मेहुणा (पत्नीचा धाकटा भाऊ, वय सेहेचाळीस, घरात अजून 'बाळ') यांचा भागीदारीत फोटो स्टुडिओ होता. बाळने अर्जदारास बाहेर काढून गल्ला व कॅमेरे गिळंकृत केले. न्यायालयाने अर्जदाराचा हिस्सा देण्याचा हुकूमनामा केला, पण बाळने छदामही दिला नाही. बेलिफ जप्तीस जाई तेव्हा स्टुडिओस कुलूप. कुलूप उघडावे तर आत एक पडदा आणि एक स्टूल. "कॅमेरे विकले, पैसे संपले," हे उत्तर तोंडपाठ.

वकील म्हणाले, देत नाही ना, मग त्यालाच दिवाळखोर जाहीर करून घेऊ. नेमलेला अधिकारी दडवलेला माल हुडकून काढील. एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही. म्हणून ज्यांचे बाळकडे पैसे अडकले होते त्या कागदवाल्याचे व अल्बमवाल्याचे उंबरे झिजवून अर्जदाराने त्यांना राजी केले. बाळ दिवाळखोर ठरला, तरी कॅमेरे काही सापडेनात. तेव्हा अर्जदाराने संतापून संदर्भ क्र. २ चा अर्ज केला की, माल दडवणारा जो कोणी अज्ञात इसम असेल त्यास दयामाया न दाखवता कठोर शासन व्हावे. हा मजकूर अर्जदाराने पत्नीस मोठ्याने वाचून दाखवला होता. अक्षर छान आलंय, असे ती म्हणाली.

नंतर आपण बाळला शपथ देऊन उभे केलेत, आणि जन्मात पहिल्यांदा तो खरे बोलला. म्हणाला, "ताईकडे आहेत."

आपले कर्मचारी घरी आले. दिवाणाची गादी अर्जदारानेच उचलून दिली. खाली सगळे कॅमेरे, सगळ्या लेन्स. धूळ लागू नये म्हणून अर्जदाराच्याच जुन्या सदऱ्यांत गुंडाळलेल्या. इतके दिवस अर्जदार त्यांच्यावर झोपत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण अर्जदाराने आजवर दुसऱ्यांनाच ऐकवली होती. पंचनाम्यावर घरमालक म्हणून सही अर्जदाराची, तक्रारदारही तोच, आणि अज्ञात इसम आत चहा टाकत होता.

महोदय, कॅमेऱ्यांचे एवढे काही नाही. बहिणीचा जीव भावासाठी तुटतो, हे अर्जदारासही कळते. परंतु रोज संध्याकाळी अर्जदार कोर्टातून परतला की ती पाणी देऊन विचारी, "अहो, आज काय झालं? वकील काय म्हणाले?" अर्जदार सगळे सांगे. जप्ती कधी, कोण जाणार, कोणत्या वेळी. जगात एक तरी माणूस आपल्या बाजूचे आहे, या आधारावर त्याने कोर्टाची बाके झिजवली. बेलिफाच्या आधी कुलूप कसे पोहोचे, ते आता कळले. अर्जदाराचा विश्वास पार धुळीला मिळाला आहे.

घरी विचारले असता ती डोळ्यांना पदर लावते व स्वयंपाकघरात निघून जाते. बाळसारखा माणूस आपल्यासमोर खरे बोलला, तर तीही बोलेल.

सबब विनंती की, तिचा जबाब घेताना मालाविषयीचे प्रश्न संपल्यावर एवढेच विचारावे : रोज संध्याकाळची चौकशी दर वेळी भावासाठीच होती काय? की एखाद्या दिवशी तरी नवऱ्यासाठी विचारले होते?

असा एक दिवस जरी निघाला, तरी अर्जदार हुकूमनाम्याची सगळी रक्कम सोडण्यास तयार आहे. तसे लेखी देईल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र
(सही)
अर्जदार, फोटोवाले
दिनांक : जबाबाच्या आदल्या दिवशी

सोबत : हुकूमनाम्याची व पंचनाम्याची प्रत.

ता. क. : उत्तर टपालाने पाठवू नये. घरी टपाल तीच घेते. अर्जदार बाहेरच्या बाकावर बसलेला असेल.