झेफिरिन सरांची पहिली शिकार

५ नोव्हेंबर
उद्यापासून गावच्या हॉलमध्ये सापळे लावण्याचा बेसिक कोर्स. पोरंटोरं, मोठी माणसं, सगळ्यांसाठी. सर मीच. माझे काका वारल्यापासून त्यांचा जंगलातला पट्टा रिकामा पडलाय. तिथे कोणी सापळे लावायचे हे घरातली थोरली म्हणून फिलोमेन आत्या ठरवणार. उमेदवार दोन, मी आणि पुतणी डेल्फीन. तिनेही कोर्सला नाव घातलंय. बिचारी.
संकल्प: स्वतःबद्दल कमी बोलायचं.

६ नोव्हेंबर
दुपारपर्यंत स्वतःबद्दलच बोललो. नाहीतरी लोकांनी विचारलंच असतं. मार्टेन हा प्राणी मांजराहून लहान आणि माझ्याहून कमी हुशार, असं सांगितलं. यंदा आत्याच्या हातमोज्यांना मार्टेनची फर मीच देणार, हेही जाहीर केलं. मागच्या रांगेत बसलेली आत्या म्हणाली, जनावराबद्दल बढाया मारू नकोस रे, ते ऐकतं आणि मग फिरकत नाही. जुनी माणसं!
मग आपला रिवाज शिकवला: आयुष्यातली पहिली शिकार थोरल्या माणसाला द्यायची. आत्या म्हणाली, तुझी पहिली मला मिळाल्याचं आठवत नाही. वयानुसार विसरायला होतं.
सेफ्टीचा धडा शेवटी ठेवलाय. उगाच लोक घाबरतात.

१२ नोव्हेंबर
उद्या प्रॅक्टिकल. मार्टेनची टोपी घालणार. शहरातून आणलेली, पण इतकी वर्षं वापरली की मीच पकडल्यासारखी झालीय.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
झाडाला तिरका खांब, खांबावर पेटी, पेटीत सापळा, त्याच्या मागे आमिषाला बीव्हरचं मांस. सगळं झकास. डेल्फीनने विचारलं, काका, सेफ्टीचा खटका लावलात ना? म्हटलं, प्रश्न शेवटी. मांस कुठे ठेवायचं ते दाखवायला वाकलो.
खाड्!
डोकं वाचलं. टोपी सापळ्यात अडकली. डेल्फीनने स्प्रिंगा दाबून सोडवली; मी तिला संधी दिली. आत्या म्हणाली, झाली बाबा एकदाची पहिली शिकार. आणि हात पुढे केला. रिवाज मीच शिकवलेला, करतो काय? दिली टोपी.

२४ नोव्हेंबर
पट्टा डेल्फीनला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. वर ती म्हणते, काका, बर्फावरून सामानाची स्लेज ओढायला माणूस हवाय, येता का? विचार करून सांगतो म्हटलं. बाहेर कडाक्याची थंडी, माझे कान लालभडक. आत्याने नवे हातमोजे घातलेले हात माझ्या कानांवर ठेवले. म्हणाली, शब्द पाळलास हो, मार्टेनचीच फर आहे.
ऊब चांगली आहे. उद्या पहाटे स्लेज घेऊन निघायचंय, डोक्याला टॉवेल शोधतोय.