आबा, खाली बसा

आबा, पत्राच्या वर तीर्थरूप घालायचं असतं हे चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलो होतो, पण तुम्ही होता तेव्हा कधी तसं म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच हसाल. शिवाय मी भांडायला बसलोय, आणि भांडायला आबाच बरं पडतं. तुम्हाला जाऊन आठ-नऊ वर्षं होत आली. मी आता लांब विशाखापट्टणला असतो, बंदरात, बोटीतला माल उतरवायच्या कामावर. आज रविवार, बोट नाही. संध्याकाळी इथं समुद्राकाठी वाळूत मांडव घालून ऑर्केस्ट्रा आहे. सगळी सिनेमाची गाणी, सगळी तेलुगू. मला त्यातला एक शब्द धड कळत नाही. तरी मी जाणार, आणि खोलीतली पोरं माझ्या मागनं येणार, कारण कुठं बसायचं ते मला कळतं असं त्यांचं म्हणणं. "ए मराठी, तुम आगे चलो, जागा देखो," म्हणतात. ज्या पोराला तुम्ही भिंतीला टेकवलेलं गाठोडं म्हणालात, त्याच्या मागनं माणसं चालतात. हे तुमच्या कानावर घालायचं होतं.

तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. बेडशाच्या लेण्यांखालच्या आपल्या वाडीत गाणं ही ऐकायची गोष्टच नव्हती. ढोल-लेझीमचं रिंगण धरलं की हात असलेल्यानं वाजवायचं, पाय असलेल्यानं नाचायचं. ओट्यावर उभ्या राहिलेल्या बायासुद्धा नुसत्या बघत नसत, टाळी धरत. मोठा ढोल तुमच्या गळ्यात, तुमच्या आधी तुमच्या बापाच्या, आणि तुमच्यानंतर माझ्या, हे न बोलता ठरलेलं. जत्रेत दोन गावांचे ढोल समोरासमोर आले की समोरच्यानं टाकलेल्या ठेक्याला उत्तर द्यायचंच. न देता पुढं गेला त्याला वर्षभर म्हणायचे, मुका गेला. मी लहान होतो, माझ्या हातात झांज होती. समोरच्या गल्लीतनं दुसऱ्या गावाचा ढोल असा घुमत आला की मी झांज विसरून तोंड उघडं टाकून उभा राहिलो. तुम्ही ढोल वाजवायचं टिपरू माझ्या पाठीत घातलंत. "समोरचा बोलतोय आन तू गप? मुका हायस का?" मी रडत म्हणालो, "आबा, त्यो लय भारी वाजवतोय." तुम्ही म्हणालात, "मंग तर आदी उत्तर दे!" सगळं रिंगण हसलं. मी बी हसलो. पण आबा, तो ढोल मला नीट ऐकायचा होता. ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुढं लोणावळ्याला हॉटेलात कामाला लागलो, मुंबईच्या पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या, आणि तिथं पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा बघितला. पुण्याची मंडळी सिनेमाचं थिएटर रविवारी सकाळी भाड्यानं घ्यायची, दुपारचा खेळ लागायच्या आत आपला कार्यक्रम उरकायची. पडद्याच्या पुढं खुर्च्या मांडून माणसं बसतात, एकाच्या छातीवर अ‍ॅकॉर्डियन, एकाच्या पुढं बोंगो, मधे माईक. तिथं मी ऐकायचं कसं ते शिकलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्या रांगेत बसलो होतो, शेजारीच कर्णा लावलेला, दोन दिवस एका कानानं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यांदा बाल्कनीच्या खाली बसलो, तर आवाज गोधडीतनं आल्यासारखा. तेव्हा कळलं, मधोमध बसावं, आणि जाण्यायेण्याच्या वाटेला लागून, म्हणजे पुढं कुणी उंच टोपीवाला आला तर मान काढता येते. लवकर जावं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कोण सूर लावतंय, कोण कुणावर खेकसतंय, ते ऐकलं की आज कोण रंगात आहे ते कळतं. आणि आबा, लोणावळ्याच्या माणसानं एक नक्की पाळावं, गाणं चालू असताना चिक्की खाऊ नये. दाताखाली फुटली की आपल्याच डोक्यात नगारा वाजतो आणि गाणाऱ्या बाईनं घेतलेली हरकत हुकते. भूक लागली तर नकला करणारा येईल तेव्हा बाहेर जावं.

तो रविवार आला. बाजारात एका शेटचं चिक्कीचं नवीन दुकान उघडणार होतं, त्यानं आपलं रिंगण वाजवायला बोलावलेलं. तुम्ही आदल्या दिवशी निरोप धाडला, झांज घेऊन ये. मी उलटा निरोप धाडला, माझ्याकडं तिकीट आहे, मी येत नाही. सकाळी मी थिएटरात माझ्या जागेवर बसलोय, वाटेला लागून. उकाड्यानं बाजूची दारं उघडी टाकलीत. निळ्या साडीतली एक मुलगी गात्येय, माझ्याच वयाची असेल, हळू आवाजाचं गाणं, माईक दोन्ही हातांनी धरलाय जसा काही पडेल. एक कडवं झालं आणि मधल्या तुकड्यात बोंगोवाल्या पोरानं अशी काही बोटं चालवली की लोकांनी शिट्ट्या घातल्या. तुमचं रिंगण नेमकं त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यानं चाललं होतं. तुम्ही काय ऐकलंत ते मला आज बरोबर कळतंय. कुणीतरी ढोलावर बोललं, आणि तुम्ही मुके कसे जाल?

दारावरचा माणूस चहाला गेला होता. तुम्ही आत आलात, गळ्यात ढोल, पटका, पायात धुळीचे जोडे, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभं राहून उत्तर दिलंत. काय वाजवलंत, आबा! त्या पोराचा ठेका जसाच्या तसा उचललात आणि त्याच्यावर आपला चढवलात. पण तोवर त्याचा तुकडा संपला होता. मुलीनं दुसरं कडवं उचललं होतं आणि तुमचा ढोल तिच्यावर पडला. तिचे ओठ हलताना दिसत होते, बाकी काही नाही. लोक मागं वळले. "पाव्हणं, वरात पलीकडच्या गल्लीत!" एक ओरडला. "अवो, नवरदेव कुटं सांडला?" दुसरा. बोंगोवाला हसत हात जोडून थांबला होता, तुम्हाला वाटलं तो हरला, म्हणून तुम्ही आणखी जोर लावलात. माझ्यापासून हातभर अंतरावर होता तुम्ही. मी उठलो, टिपऱ्याचा हात धरला आणि म्हणालो, "आबा, खाली बसा. हितं ऐकायचं असतंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग बसलात, तिथंच खाली फरशीवर, ढोल मांडीवर घेऊन. मुलीनं मान लववली आणि दुसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. गाणं संपलं, टाळ्या चालू असतानाच तुम्ही उठून गेलात.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तुम्ही जेवायला बसला होता. ताटावरनं मान वर न करता बोललात. "बापाला बसवलंस चारचौगांत. ह्या ढोलाला आजवर कुणी बसवलं न्हवतं." आई म्हणाली, "जेवू तरी द्या त्याला." तुम्ही म्हणालात, "त्यो काय जेवणार? त्यो बघत बसंल जेवनाकडं. आवो, वाजवत न्हाई, नाचत न्हाई, नुस्तं ऐकतंय ते माणूस हाय का? भिंतीला टेकवलेलं गाठोडं हाय." आणि मग ढोल चुलतभावाला दिलात, माझ्यासमोर, माझ्याकडं न बघता. मी त्या महिन्यात घाट उतरून जे कामाला गेलो ते पुढंपुढंच जात राहिलो. तुम्ही गेलात त्याचा निरोपही मला चार दिवसांनी मिळाला.

लोकांना वाटलं मला तुमची लाज वाटली. तुम्हालाही तेच वाटलं असणार. नाही वाटली, आबा. लोक हसत होते ते मला ऐकूसुद्धा येत नव्हतं, कारण मला ती मुलगी ऐकू येत नव्हती. लाखात एक ढोल वाजवत होता तुम्ही, आणि ती वेळ तिची होती. आज पुन्हा तसं झालं तर आज पुन्हा मी तुम्हाला खाली बसवीन. तुम्ही म्हणायचात, ऐकणारा काय करतो? तुम्ही वाजवताना डोळे मिटायचात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. त्या मुलीनं माईक आवळून धरला होता, मधोमध बसलेल्यांपैकी कुणी मान डोलावली की पकड सैल व्हायची. सगळं थिएटर उठून गेलं असतं तर तिनं कुणाला धरून गायलं असतं? इथल्या पोरांना मी हेच सांगतो. रेडिओवरच्यासारखं गातेय का नाही ते तपासत बसू नका, ती खोकली, ओळ विसरली, पुन्हा उचलली, तेच बघायला आपण आलोय. भाषा कळत नसेल तर एक वाद्य धरा आणि गाणं संपेपर्यंत त्याचा हात सोडू नका. वन्स मोअर एकदाच ओरडा, पण असं की तिला खरं वाटावं. शेजाऱ्याकडं बघू नका, गाणाऱ्याकडं बघा. खोलीतला एक श्रीकाकुळमचा पोरगा मला म्हणतो, "अरे, तू तो सुनने का भी मेहनत करता है." करतो. तुमचाच पोरगा आहे, फुकट कसा बसेन?

आता खरं कारण सांगतो लिहायला बसायचं. चुलतभाऊ वराळ्याकडं कारखान्यात लागलाय, पाळीचं काम, त्याला रिंगण जमत नाही. ढोल खुंटीला लावलाय आणि निरोप धाडलाय, तुझा आहे, तू ये नाहीतर दुसऱ्या कुणाला देतो. मी कळवलंय, देऊ नको, येतो. पुढच्या जत्रेला येईन, गळ्यात घालीन, समोरून ढोल आला तर असं उत्तर देईन की तुम्हाला ऐकू जावं. पण आधी त्याला पुरतं बोलू देईन. आणि जिथं कुणी गात असेल तिथं तो ढोल मांडीवर घेऊन मी खाली बसेन. वाडीला काय म्हणायचं ते म्हणू दे. मुका म्हणाले तरी चालेल.

हा कागद कुठं धाडायचा प्रश्नच नाही. चांगला लांबरुंद आहे, संध्याकाळी ओल्या वाळूत अंथरून त्याच्यावर बसेन. फक्त एक राहिलं. शेजाऱ्याकडं बघू नका म्हणून मी पोरांना सांगतो ना, ते त्या दिवशी मी पाळलं नाही. तुम्ही फरशीवर बसला होता, ढोल मांडीवर, आणि तुमची बोटं ढोलाच्या पानावरनं, त्या ताणलेल्या कातड्यावरनं चालली होती, इतकी हलकी की आवाज नाही, तिच्या एकेका शब्दाला अचूक. मी गाणं संपेपर्यंत ती बोटंच बघत होतो. पुढं ते गाणं कितीदा कानावर आलं असेल, आबा. पण त्याचं दुसरं कडवं मला आजसुद्धा येत नाही.