जुगारमुक्त गावचा पहिला जुगारी

ती. स्व. आप्पांस,
धाकट्या दत्तारामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ताजी बातमी आधी सांगतो. मी गावचा अधिकृत जुगारी क्रमांक एक आहे. ग्रामपंचायत अधिकारी दीपाली मॅडमनी सही-शिक्क्यानिशी तसा दाखला दिला आहे, त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून देता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मोहोर बरा आहे (माकडांचंही तेच मत आहे). हे सगळं फोनवर बोललो असतो, पण माझा फोन ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद आहे. का, ते पुढे येईलच.

ओढ्यावरच्या साकवापलीकडचे पत्त्यांचे डाव आणि घरोघरची मोबाईलवरची रमी यांनी गाव पोखरलं होतं, हे तुम्ही गणपतीत पाहिलंच. मग ग्रामसभेने समिती नेमली आणि अध्यक्ष मला केलं (मला पत्त्यातलं कळतं म्हणून नव्हे, त्या दिवशी मी गैरहजर होतो म्हणून). समितीने एक वही काढली. ज्याला आपला आपल्यावर भरवसा नाही, त्याने आपलं नाव स्वतःच्या हाताने त्यात लिहायचं. मग त्याला कोणी डावात बसवायचं नाही आणि त्याचा फोन कपाटात जमा. कल्पना दीपाली मॅडमची, आणि खरं सांगायचं तर चांगली. पण पंधरा दिवस वही कोरी. त्यात तालुक्याहून कागद आला, की वहीत किमान दहा नावं असली तरच वेशीवर ‘जुगारमुक्त गाव’ असा फलक मिळेल. म्हणजे जुगारमुक्त व्हायला आधी दहा जुगारी दाखवायचे. शेजारच्या गावाला फलक लागलासुद्धा (त्यांच्याकडे माल भरपूर). तेव्हा लोकांची भीड मोडावी म्हणून पहिलं नाव मी माझंच लिहिलं. केवळ उदाहरणादाखल, आप्पा. भीड कुणाची मोडली नाही. ज्याच्या टपरीवर डावाची माणसं जमतात तो बाबल्या (हा समितीचा सदस्य) एवढंच म्हणाला, की अध्यक्षांचं प्रकरण इतकं पुढे गेलं असेल असं वाटलं नव्हतं. आणि यादी त्याने सूचनाफलकावर नेऊन लावली, चारी कोपऱ्यांना डिंक लावून.

आता आमच्या रितेशचं. त्याचं आणि गुहागरच्या त्या मुलीचं, पूर्वीचं, तुमच्या कानावर आहेच. दोघं मिरजोळ्याला एकाच कारखान्यात, त्यामुळे जमवायचं काम त्यांनीच उरकलं होतं, आपण फक्त सुपारी फोडायची. मुलीचे वडील चौकशीला आले आणि नेमके बाबल्याच्या टपरीवर टेकले. बाबल्याने स्वखर्चाने चहा दिला आणि त्यांना सूचनाफलकापर्यंत पोचवलं. अर्धा चहा तसाच टाकून गृहस्थ गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की वहीतलं नाव निघेपर्यंत सुपारीचं नाव काढू नका. रितेश तेव्हापासून जेवायला बसतो आणि ताटाशी बोलल्यासारखा बसतो.

मी नाव काढायचा अर्ज केला. मॅडमनी नियम दाखवला, की वर्षभर नाव निघत नाही (हा नियम मीच लिहिला, शुद्धलेखन तपासून). म्हणाल्या, "काका, नाव काढायची घाई ज्याला होते, त्याच्यासाठीच हा नियम आहे." आता फक्त ग्रामसभा काय ते ठरवू शकते. ती सव्वीस जानेवारीला आहे. माझं नाव निघतं की राहतं यावर टपरीवर भजीच्या प्लेटींची पैज लागली आहे. पैजा बाबल्या घेतो. समितीचे दोन सदस्य ‘राहतं’वर आहेत.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. सव्वीसला तुम्ही मुंबईची मंडळी घेऊन या आणि हात वर करा. तुमच्या शब्दाला वजन आहे.

ता. क. दुसरा. बाकीची नऊ नावं शेवटच्या दिवशी मतदारयादीतल्या मुंबईकरांची भरली, ग्रामसभेची हजेरी भरतो तशीच. तुम्ही तिसरे आहात. सही मी केली, वळण बरं साधलंय. फलक लागला. मात्र नियमाप्रमाणे येताना तुमचा फोन जमा करावा लागेल.

आप्पा, सगुणा नमस्कार सांगते. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. नाव उदाहरणादाखल नव्हतं. गेल्या हंगामात आंब्याच्या पट्टीचे दलालाकडून आलेले अर्धे पैसे ह्यांनी फोनवरच्या रमीत घालवले, ते कुणाला माहीत नाही. वहीत लिहिलं त्या दिवशी स्वतःच फोन कपाटात ठेवून आले. आज बासष्ट दिवस झाले, पत्त्याला हात नाही. तेव्हा सव्वीसला या, पण हात वर करू नका. रितेशची काळजी नको. परवा मी एसटीने गुहागरला जाऊन पूर्वीच्या आईला सगळं सांगून आले. येत्या रविवारी त्या येणार आहेत, नवऱ्याला घेऊन. सुपारी आणते म्हणाल्या. आणि त्या वहीत नाव लिहायला बाहेरगावचं माणूस चालतं का, ते मॅडमना विचारून ठेवायला सांगितलंय त्यांनी, नवऱ्यासाठी.